छोटं पिस्तूल, मोठी गोळी आणि घरात सहा वर्षांची मुलगी

या वेळचं पत्र टेक्सासहून आलंय. नाव नको म्हणालेत, थोडं कापून देते. नवख्यांसाठी एवढंच: नाइन एमएम आणि फोर्टी-फाइव्ह ही गोळीच्या जाडीची मापं, फोर्टी-फाइव्ह (.४५ इंच) जास्त जाड.

"ताई नमस्कार. ह्यूस्टनच्या बाहेर माझं गॅस स्टेशन आणि छोटं स्टोअर आहे. रात्री ११ ला मी आणि बायको बंद करतो. मागच्या महिन्यात आमच्यापासून चार दुकानं सोडून जी लाँड्री आहे तिथे बंदूक दाखवून पैसे नेले. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, आता पिस्तूल घ्यायचं ठरवलंय, शर्टाखाली दिसणार नाही असं छोटं. मित्र म्हणतो नाइन एमएम म्हणजे डास चावल्यासारखं, घ्यायचं तर फोर्टी-फाइव्हच घे. बंदुकांच्या दुकानात फोर्टी-फाइव्हची तीन पिस्तुलं, ग्लॉक ३०, एम अँड पी शील्ड ४५ आणि एक्सडी-एस, हातात घेऊन बघितली. उंची ५ फूट ५, वजन ५८ किलो. मुलगी सहा वर्षांची आहे आणि दिवाळीला आईबाबा सहा महिन्यांसाठी येतायत. कोणतं घेऊ, आणि त्यांना सांगू का?"

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण बारा वर्षांपूर्वी मी याच प्रश्नावर अडकले होते. तेव्हा मी रात्रपाळीला फार्मसीत होते, पार्किंगपर्यंत एकटी चालत जायचे, आणि मलाही असाच एक मित्र भेटला होता. त्याचं ऐकून मी जे घेतलं ते एक छोटंसं, चपटं, सिंगल स्टॅक (आत गोळ्यांची एकच रांग असलेलं) फोर्टी-फाइव्ह. ब्रँड सांगत नाही, कारण दोष पिस्तुलाचा नव्हताच, निवड चुकली होती. पहिल्या दिवशी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, पन्नास गोळ्यांचा डबा नेला आणि बत्तिसाव्या गोळीला थांबले. अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी लाल झालेली, मनगट दुखायला लागलेलं, आणि कागदावर भोकं म्हणाल तर वरपासून खालपर्यंत कुठेही. मला वाटलं सवय होईल. मग एकदा इन्स्ट्रक्टरने मला न सांगता मॅगझिनमध्ये (गोळ्या भरायच्या पेटीत) मधेच एक डमी राउंड, म्हणजे खोटी गोळी, टाकला. मी चाप ओढला, नुसता क्लिक आवाज आला, गोळी सुटलीच नाही, आणि तरी पिस्तुलाची नळी सरळ दोन इंच खाली गेली. म्हणजे झटका यायच्या आधीच माझा हात घाबरून खाली दाबत होता. दर वेळेस. मोठी गोळी, छोटी गोळी सोडा, माझी गोळी जिथे पाहिजे तिथे जातच नव्हती.

म्हणून तुमच्या मित्राचं वाक्य आधी बाजूला ठेवू. फोर्टी-फाइव्हचं जे नाव आहे ते उगाच नाही हे मान्य. अमेरिकन सैन्याला फिलिपिन्समध्ये .३८ च्या रिव्हॉल्व्हरने समोरचा माणूस थांबत नाही असा अनुभव आला, त्यातून १९०४ च्या चाचण्या झाल्या, जॉन ब्राउनिंगने .४५ एसीपी, म्हणजे हेच फोर्टी-फाइव्ह, काडतूस आणि त्याचं पिस्तूल बनवलं, १९११ मध्ये ते सैन्यात आलं आणि १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत सैन्याचं मुख्य पिस्तूल तेच होतं. इतकी वर्षं टिकलेली गोष्ट आहे. पण ते पिस्तूल होतं पाच इंची बॅरलचं (नळीचं), रिकामंच अकराशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं, अख्खं स्टीलचं, आणि कमरेला उघड्यावर लटकवायचं. त्या वजनानेच झटका खाल्ला जायचा. तुम्ही बघताय त्यातली दोन ३.३ इंची बॅरलची, प्लास्टिक फ्रेमची, जवळपास निम्म्या वजनाची. काडतूस तेच, त्यातली बंदुकीची दारू तेवढीच, आणि ते सगळं आता तुमच्या मनगटात येणार.

आणि नाइन एमएमला डास म्हणणारे जी गोष्ट सांगतात ती अर्धीच सांगतात. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन बँक दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मारले गेले, आणि एका आरोपीला सुरुवातीलाच लागलेली नाइन एमएम गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली होती. त्यानंतर एफबीआय १० एमएमच्या मोठ्या गोळीकडे गेली, मग .४० कडे. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं असं की त्याच एफबीआयने २०१४ मध्ये परत नाइन एमएमच्या बाजूने कौल दिला. कारण मधल्या काळात हॉलो पॉइंट गोळ्या (टोकाला पोकळ, लागल्यावर उमलून रुंद होणाऱ्या) खूप सुधारल्या, चाचणीसाठीच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात त्यांना हवी असलेली १२ ते १८ इंच खोली चांगली नाइन एमएम गोळी गाठते, फोर्टी-फाइव्हही गाठते, आणि कमी झटक्यामुळे बहुतेक एजंट नाइन एमएमने जास्त फास्ट आणि जास्त नेमके मारतात. ज्या खात्याची माणसं या प्रश्नापायी गेली त्यांनीच सगळं तपासून हा निर्णय घेतला, याला मी रेंजवरच्या मित्राच्या मतापेक्षा जास्त किंमत देते.

शिवाय छोट्या बॅरलची एक अडचण आहे जी दुकानदार सहसा सांगत नाही. फोर्टी-फाइव्हची २३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी मुळातच सावकाश जाते, सेकंदाला साधारण ८५० फूट, तेही पाच इंची बॅरलमधून. बॅरल ३.३ इंच झाली की वेग अजून उतरतो, आणि हॉलो पॉइंटला उमलायला वेग लागतो. नाही उमलली तर मोठ्या कॅलिबरचा जो फायदा घ्यायला तुम्ही निघालात त्यातला बराचसा गेला, आणि न उमललेली गोळी जास्त आरपार जाते, तुमच्या दुकानात मागे दुधाच्या फ्रीजसमोर कोण उभं आहे हा विचार करा. छोट्या बॅरलसाठी वेगळ्या बनवलेल्या गोळ्या मिळतात, स्पीअरची गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल म्हणून आहे, फोर्टी-फाइव्ह घेतलंच तर तसली वापरा.

आता तुमची तिन्ही पिस्तुलं. ग्लॉक ३० हे माझ्या मते त्यातलं चालवायला सगळ्यात सोपं, बॅरल पावणेचार इंचाची, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, जाडजूड असल्यामुळे झटका सरळ आणि सोसण्यासारखा येतो. पण जाडी सव्वा इंचाच्या वर आहे आणि भरल्यावर ते किलोच्या जवळ जातं. तुम्ही ५८ किलोचे, कमरेला मांस नाही, दिवसभर खालच्या शेल्फवर चिप्स आणि सोड्याचे क्रेट लावायला वाकणार, तेव्हा शर्टातून त्याचा दस्ता स्पष्ट दिसणार. शील्ड ४५ जेमतेम एक इंच जाड, सहा किंवा सात गोळ्यांचं मॅगझिन, लपायला छान, ग्रिपचा कोनही मला आवडतो, पण झटका ग्लॉकपेक्षा तिखट. एक्सडी-एस तसंच बारीक, छोट्या मॅगझिनला पाचच गोळ्या, आणि त्याच्या दस्त्यामागे ग्रिप सेफ्टी असते, म्हणजे मूठ नीट घट्ट बसली नाही तर चाप चालत नाही, घाईत मूठ अर्धवट बसू शकते हे लक्षात ठेवा. सेकंडहँड एक्सडी-एस कोणी स्वस्तात देत असेल तर आधी सीरियल नंबर कंपनीकडे तपासा, २०१३ मध्ये त्या मॉडेलच्या सुरुवातीच्या पिस्तुलांचा रीकॉल झाला होता. आणि १९११ ची, म्हणजे वर सांगितलेल्या सैन्याच्या जुन्या पिस्तुलाची, साडेतीन इंची छोटी आवृत्ती दाखवून कोणी भुरळ घातली तर पहिल्या पिस्तुलासाठी सरळ नाही म्हणा, दिसायला देखणी असतात पण छोट्या स्लाइडमुळे (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) गोळ्यांच्या आणि स्प्रिंगच्या बाबतीत फार नखरे असतात.

तिघांतलंच एक निवडा म्हणालात तर शील्ड. पण तिघांतलं घेऊच नका हे माझं खरं उत्तर. तुमच्या अंगकाठीला सिग पी३६५ किंवा ग्लॉक ४३एक्स बघा, दोन्ही नाइन एमएम, दोन्हीत दहा गोळ्यांचं मॅगझिन, बारीक आणि हलकी. थोडं मोठं चालत असेल तर ग्लॉक १९, पंधरा गोळ्या, आणि शिकायला याच्याइतकं सोपं पिस्तूल मी तरी पाहिलं नाही. फोर्टी-फाइव्हच्या गोळ्या नाइन एमएमच्या दीडपट ते दुप्पट महाग पडतात, आणि दुकान चालवणाऱ्या माणसाला हिशोब वेगळा सांगायला नको, महिन्याला जेवढे डॉलर प्रॅक्टिसला काढाल त्यात एकीकडे शंभर गोळ्या येतील आणि दुसरीकडे साठ. बायकोही दुकानात असते म्हणालात. तिला स्लाइड मागे ओढता येते का ते विकत घ्यायच्या आधी बघा, छोट्या फोर्टी-फाइव्हची स्प्रिंग कडक असते, मला पहिले सहा महिने मांडीला टेकवून ओढायला लागायची आणि तशी ओढणं चूक आहे कारण नळी कुठेही फिरते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. ह्यूस्टनच्या आसपास भाड्याने पिस्तूल देणाऱ्या रेंज भरपूर आहेत. एक शनिवार काढा, शील्ड ४५ आणि पी३६५ दोन्ही भाड्याने घ्या. कागदावर फुलक्याएवढा गोल काढा, सात यार्डांवर लावा, पाच सेकंदांत पाच गोळ्या. पहिल्या फेरीला धरू नका, दोन्ही पिस्तुलांच्या चाळीसएक गोळ्या मारून हात दमल्यावर परत तेच करा आणि तेव्हाचे कागद घरी आणून शेजारी ठेवा. ज्याच्या पाचही आत ते तुमचं. फोर्टी-फाइव्हच्या पाचही आत असतील तर मला पत्र लिहून चुकीचं ठरवा, मला आनंदच होईल.

होल्स्टरवर (पिस्तुलाच्या म्यानावर) कंजूषी करू नका, ही मी हात जोडून विनंती करते. चापाचा पूर्ण भाग झाकणारं कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर आणि त्यासाठीचा जाड पट्टा, दोन्ही मिळून दीडशे डॉलर जातील. कापडी होल्स्टर नको, नुसतं खिशात नको, आणि परत आत घालताना घाई कधीच नको, शर्टाचं टोक चापात अडकून स्वतःच्या मांडीत गोळी गेलेली माणसं आहेत. बाहेर काढायला घाई असू शकते, आत ठेवायला नसतेच.

आता कायद्याचं, आणि हे ग्रीन कार्डवाल्याने नीट वाचावं. ग्रीन कार्डवर पिस्तूल घेता येतं, एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर साधारणपणे येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे अपवाद सोडून. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना तुमचा ए-नंबर (ग्रीन कार्डवरचा नंबर) लागेल, ग्रीन कार्ड आणि टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स बरोबर न्या. फॉर्मवर एकही गोष्ट खोटी लिहू नका. दुकानातला एखादा एच-वनवाला मित्र म्हणाला "तुझ्या नावावर घे, मी पैसे देतो" तर तो फेडरल गुन्हा आहे, तुमचा. आणि बंदुकीच्या कायद्याखाली साधी शिक्षा झाली तरी ग्रीन कार्डवाल्याला डिपोर्ट करता येतं, सिटिझन असलेल्या तुमच्या मित्राला ही भीती नाही, म्हणून तो बिनधास्त सल्ले देतो.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदूक ठेवायला पात्र असलेल्या माणसाला लायसन्सशिवाय पिस्तूल बाळगता येतं हे खरं, तरी एलटीसी, म्हणजे पिस्तूल बाळगायचं राज्याचं लायसन्स, काढाच. फी ४० डॉलर, चार ते सहा तासांचा क्लास, लेखी परीक्षा, आणि ३, ७ आणि १५ यार्डांवरून पन्नास गोळ्या, २५० पैकी १७५ मार्क लागतात. त्याचा खरा उपयोग असा की फेडरल कायद्याने शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेता येत नाही आणि राज्याचं लायसन्स असलं की त्यातून सूट मिळते, ह्यूस्टनच्या सबर्बमध्ये शाळा न लागता तुम्ही दुकानापासून घरापर्यंत येऊन दाखवा. शाळेच्या इमारतीत मात्र लायसन्स असलं तरी नाही. आणि आपले गणपती, दिवाळीचे कार्यक्रम कुठे असतात? हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये. बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहिल्यावर आठवून उपयोग नाही, त्या दिवशी घरीच ठेवून जायचं. देवळात जाताना दारावरच्या पाट्या वाचायच्या, ३०.०६ किंवा ३०.०५ (पिस्तूल आत आणायला मनाई करणारी टेक्सासच्या कायद्याची कलमं) लिहिलेली पाटी असेल तर परत फिरायचं. गाडीत ठेवायची वेळ आली तर सीटखाली नाही, केबलने बांधलेल्या छोट्या लॉकबॉक्समध्ये, चोरांना पार्किंग लॉटमधल्या ट्रकमध्ये काय असतं ते चांगलं माहीत असतं. एडिसनला कोणी नातेवाईक असतील तर तिकडे नेऊ नका, न्यू जर्सी टेक्सासचं लायसन्स मानत नाही आणि हॉलो पॉइंटवरही तिथे वेगळे नियम आहेत.

एक अजून. रेंजला जी बॅग नेता ती भारतात जाताना हँडबॅग म्हणून कधीही वापरू नका. खालच्या अस्तरात एक काडतूस अडकलेलं असतं, इथून तुम्ही सुटाल, आणि परत येताना मुंबईच्या विमानतळावर एक्सरेमध्ये ते दिसेल. आर्म्स ॲक्टखाली केस होते. तिकडे नाइन एमएम सामान्य माणसाला लायसन्सवरसुद्धा मिळत नाही, प्रोहिबिटेड बोअर (मनाई असलेलं माप) आहे, त्यामुळे "चुकून राहिलं साहेब" हे तिथे समजावत बसायला लागतं.

दुकानाबद्दल एवढंच की गल्ल्यासाठी पिस्तूल काढायचं नाही. पैसे मागितले तर पैसे द्यायचे, ड्रॉप सेफमध्ये (फटीतून पैसे आत टाकायच्या तिजोरीत) दर दोन तासांनी कॅश टाकत राहायची म्हणजे गल्ल्यात शंभर-दीडशेच्या वर काही नसतं, ११ ला दिवे बंद करून एकटी बायको गाडीकडे आणि तुम्ही कुलपाशी असं करायचं नाही, दोघांनी मिळून निघायचं. पिस्तूल त्या क्षणासाठी जेव्हा पैसे दिल्यावरही तो तुम्हाला मागच्या खोलीत चला म्हणतो.

आणि आईबाबा. सांगा. विमानातून उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच सांगा, बसवून, चहा घेताना. मी नव्हतं सांगितलं. त्या काळात मी पिस्तूल पर्समध्ये ठेवायचे, वेगळा कप्पा होता, मला सुरक्षित वाटायचं. सासूबाई येऊन तीन आठवडे झाले होते, मी आंघोळीला गेले होते, त्यांचं डोकं दुखत होतं आणि त्यांनी माझ्या पर्समध्ये क्रोसिन शोधायला हात घातला. त्यांनी काही ओढलं नाही, काही झालं नाही. मी बाहेर आले तेव्हा त्या पलंगावर बसल्या होत्या, पर्स टीपॉयवर उघडी, दोन्ही हात मांडीवर, आणि मला म्हणाल्या, "अगं, पोरं खेळतात ना इथे." त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या दिवसापासून पिस्तूल माझ्या अंगावर असतं किंवा सेफमध्ये, तिसरी जागा नाही.

आपल्या आया घर आवरतात दादा. आल्या की दोन दिवसांत त्यांना तुमच्या घरातला प्रत्येक ड्रॉवर माहीत होतो, कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या चादरींमागे ठेवलं म्हणजे लपलं असं होत नाही, ती चादर त्या धुवायला काढणार. आणि सहा वर्षांची मुलगी आजीच्या मागे मागे फिरणार. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे, पण मी कायद्यासाठी सांगत नाहीये. तुम्ही पिस्तुलाचे चारशे-पाचशे डॉलर धरले असतील, त्यात दीड-दोनशे बोटाने उघडणाऱ्या सेफचे आधी काढा, ती भिंतीला किंवा पलंगाच्या फ्रेमला बोल्टने बसवा, आणि तुमच्या आणि बायकोच्या बोटाशिवाय कुणाचं बोट त्यात घालू नका, वडिलांचंही नाही. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगायला मनाई आहे, त्यामुळे बाबांना हौसेने रेंजवर नेऊन हातात देऊन फोटो काढणं हेही नको.

मुलीला सांगायचं तेही आत्ताच सांगा, पिस्तूल घरात यायच्या आधी. दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. मैत्रिणीच्या घरीसुद्धा. एकदा सांगून होत नाही, रस्ता ओलांडण्यासारखं महिन्याला एकदा विचारायचं, "दिसलं तर काय करशील?" आणि तिने न अडखळता उत्तर दिलं पाहिजे.

तर क्रम असा धरा: या आठवड्यात सेफ मागवा आणि बसवा. मग तो शनिवार, दोन पिस्तुलं, दोन कागद. मग क्लास. दिवाळीला अजून वेळ आहे, आईबाबा येईपर्यंत तुमचा हात बसलेला असेल. कागदांचे फोटो मला पाठवा, खरंच बघायचेत.